सहा सूत

हॅलो? … हां, चिमे, बोल. … अगं जरा मोठ्यानं, इथे कंप्रेसर चालू आहे. … वहिनीच्या गॅरेजमध्ये. … हो, सकाळपासून. … नाही. … नाही सांगितलं तिला. … अगं ऐक ना! ओरडू नकोस आधी.

हो, ठरलं होतं आपलं. बाबांची इथे पडून असलेली गाडी भंगारात द्यायची, तुझा तो माणूस चार वाजता ट्रक घेऊन येणार, आणि वहिनीला सांगायचं काम माझं. … हो, हो… तेच सांगायला आले होते. वाक्य पाठ करत आले रस्त्याने! पण मी तोंड उघडायच्या आत तीच म्हणाली, "वन्सं, ट्रक चारला येतोय ना? मग वेळ आहे. हे टेपचं टोक धरा."

… दादानं सांगितलं असणार, दुसरं कोण! त्याच्या पोटात काही राहतं का?

मग काय, धरलं टोक.

अगं, गाडी गाडीसारखी राहिलीच नव्हती. दारं, बॉनेट, टप, सगळं उतरवून भिंतीला लावलेलं. मध्ये नुसती चासी… सांगाडा गं. दोन लांब लोखंडी बाजू आणि मध्ये आडवे दांडे, शिडीसारखे. पुढचा उजवा कोपरा हा असा आत गेलेला. बाबांनी आठ वर्षांपूर्वी खांबावर घातली ना, तेव्हाचा. ताडपत्रीखाली आपल्याला कधी दिसलाच नाही.

… अगं दोन गॅरेजवाल्यांनी हात वर केले होते, माहितीय मला. तापवून लाल करा नि ठोका, नाहीतर फेकून द्या. वहिनी म्हणते, लाल केलं की लोखंडाचा जीव जातो. गारच ओढायचं.

आधी मापं. गवंड्याचा ओळंबा असतो बघ, तो प्रत्येक कोपऱ्यातून सोडला, खाली फरशीवर खडूच्या फुल्या. मग फुलीपासून फुलीपर्यंत तिरकं मोजायचं. दोन्ही कर्ण सारखे हवेत. एक भरला सहा सूत जास्त. … सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग गं! पाऊण इंच. … "एवढंच?" असं मीही म्हटलं. म्हणाली, "एवढ्यानं गाडी आयुष्यभर खेकड्यासारखी चालते."

… बाबा? इथेच होते. लाकडी खोक्यावर बसून.

मग साखळ्या. मागची बाजू जमिनीतल्या कड्यांना बांधली, कोपऱ्याला दुसरी साखळी, आणि जॅकनं ताण. ताण दिला की थांबायची. हातोडीनं वाकाच्या आजूबाजूला टकटक, टकटक… शेजाऱ्याचं दार वाजवावं तशी. … विचारलं ना मी! म्हणाली, "वाकून राहायची सवय झालीय त्याला. जरा सैल होऊ दे." आणि ताण सोडला की ते परत मागे येतं गं! म्हणून हवं त्याहून जास्त ओढायचं, पण किती जास्त, ते कुठे लिहिलेलं नाही. डोळे मिटून साखळीवर हात ठेवायची. सहाचे चार झाले. चाराचे दोन.

आणि तिसऱ्या खेपेला… ठण्ण! बाबा उठून उभे. "गेली," म्हणाले. तडा गेला असता तर संपलंच होतं सगळं. वहिनी आधी जॅक उतरवून मग टॉर्च घेऊन खाली सरकली. रॉकेल लावलं, पुसलं, वर खडू घासला. तडा असेल तर रेघ उमटते म्हणे. आम्ही तिघं वाकून खडूकडे बघतोय. … नाही गं, नाही उमटली! गंजाचा पापुद्रा सुटला होता, तळहाताएवढा.

परत जॅक लावला. तिच्या जागी मी असते ना, तर घरी गेले असते.

… शून्य! दोन्ही कर्ण सारखे! पण तिनं आम्हाला सांगितलंच नाही. टेप बाबांच्या हातात दिली. "तुम्ही मोजा." त्यांनी दोनदा मोजलं. मग बसले खाली… आणि म्हणतात कसे, "त्या दिवशी ब्रेक ठीक होते. माझंच लक्ष नव्हतं."

हो. बाबा. आठ वर्षं आपण त्या ब्रेकला शिव्या घालतोय.

आणि वहिनी काय म्हणाली माहितीय? "ब्रेक मी तेव्हाच तपासले होते, बाबा."

… हो ना! कोणाला बोलली नाही. दादालासुद्धा नाही.

चिमे, तिच्या लग्नात आपण दोघी मागच्या खुर्च्यांवर बसून काय काय बोललो होतो गं… "दादाला दुसरी कोणी मिळाली नाही का?" … तू एकटी नाही, मीही.

… ट्रकवाल्याला मी कळवलंय. येऊ नको म्हटलं. … रागाव हवं तर. … नाही रागावलीस?

… काय? … आत्ता बोलायचंय तिच्याशी? … अगं तिचे दोन्ही हात ग्रीसनं भरलेत. … बरं, थांब, मी धरते फोन तिच्या कानाला. वहिनी! ए वहिनी, जरा इकडे वळ. … हं, लावला. बोल.

… अगं बोल ना, ऐकतेय ती.