रडकीपाशी

सर : आधी तो नाकावरचा रुमाल काढ बरं. पाहुणे येतील इतक्यात.

बाई : वास येतोय, सर.

सर : येणारच. सूर्यफुलाचं शेत आहे हे, अत्तराचं दुकान नव्हे.

बाई : फवाऱ्याचा येतोय. तांबेऱ्यावरच्या औषधाचा. विभागप्रमुख असून तुम्ही रोगाच्या वाफ्यावर औषध मारलंत?

सर : हळू. मांडववाले ऐकताहेत.

बाई : ऐकू देत! इथे तांबेरा मुद्दाम सोडलाय, सर. आजारी पानांवरची भुकटी गोळा करून मी स्वतः शिंपडलीय. त्याआधी महिनाभर त्या भुकटीची बरणी माझ्या घरच्या फ्रीजमध्ये होती, बाळासाठी काढून ठेवलेल्या दुधाच्या शेजारी. का, तर इथला फ्रीज तुमच्या थंड बाटल्यांनी भरलेला. सासूबाई अजून त्या कप्प्याला हात लावत नाहीत.

सर : कौतुकच आहे तुझं. पण तू बाळाच्या तापात रजेवर गेलीस, आणि इकडे खालच्या पानांवर ठिपके दिसायला लागले. पाहुण्यांना काय गंजलेली पानं दाखवू? मारला एक हात. आणि परवा अजून एक, खात्रीसाठी.

बाई : खात्रीसाठी! रडकीकडे बघा जरा.

सर : कोण रडकी?

बाई : ही मधली ओळ. जुनं, नाजूक वाण. सगळ्यात आधी आजारी पडतं म्हणूनच पेरतो ना आपण? तिच्यावरून रोग शेजारच्या ओळींत उतरतो, मग कळतं कोण टिकतंय. ती बिचारी मरायलाच पेरलेली. आणि आज कशी मान वर करून उभीय बघा.

सर : छान दिसतेय की.

बाई : शी!

सर : हे मला म्हणालीस?

बाई : तुम्हाला लागलं असेल, तर लागू दे.

सर : अगं, एवढं आकांडतांडव कशाला? ही शेजारची ठेंगणी ओळ तुझीच ना? तू तयार केलेलं नवं वाण. दाणा टपोरा, तेल भरपूर. आज जाहीर केली की पुढच्या हंगामात गावोगाव बियाणं जाईल. नाव तुझंच होणार आहे.

बाई : तेल आहेच तिच्यात. पण रोगाला टिकते का, हे कुठे कळलं? रडकीसुद्धा हिरवीगार म्हटल्यावर कोण टिकलं आणि कोणाला वाचवलं, कसं सांगणार?

सर : टिकत असेल गं.

बाई : असेल. माझंही मन तेच म्हणतं. रोज सकाळी येऊन तिची पानं उलटून बघायचे, तेव्हा तेच म्हणायचे. पण माझ्या मनाच्या भरवशावर लोकांनी पेरायचं? उद्या कोणाचं शेत गंजलं तर? आणि ती खरंच टिकणारी असेल, तरी आता कोणाला कळणार नाही. तिला खरी ठरायची संधीच ठेवली नाहीत तुम्ही. किळस येतेय मला, सर. आणि ती काही औषधाची नाही.

सर : झालं बोलून? पुढच्या वर्षी घे पुन्हा परीक्षा, गुपचूप. आज बोलायचं काम माझं. तू नुसती उभी राहा. जरा हसऱ्या तोंडानं.

बाई : राहते. इथे, रडकीपाशी.

सर : राहा कुठेही. गाड्या आल्या बघ फाटकात. आता तेवढा रुमाल काढ, बाई माझे.

बाई : नाही काढणार. बाळाला अंगावर पाजते मी. औषध मारलेल्या शेतात उघड्या नाकानं उभी राहणार नाही.

सर : अगं, पण कोणीतरी विचारेल ना, रुमाल कशाला लावलाय म्हणून!

बाई : हो ना. विचारू दे की.