वाढत्या अंगाचा पंखा

संत्र्यांचे टोपले लॉरीत भरून मैनाबाई त्याच लॉरीतून अकोल्याच्या बाजाराला निघाली होती. बडनेऱ्यापुढच्या चढावर लॉरीने काळाकुट्ट धूर ओकला आणि दम सोडला. मालक शेषराव आणि देवीदास मिस्त्री इंजिनात डोकं खुपसून बोलू लागले, तसे मैनाबाईने कान टवकारले.

“काहून मिस्त्री, नवा पंखा लावला तरी असं?”

“तो इंजिनाच्या धुराच्या झोतावर फिरते, मालक. फिरला का इंजिनात हवा कोंबते. पण हा हाय लई मोठा. चढावर इंजिन हळू, झोत कमी, मंग पंखा हालतच नाही. हवा नाही, तं तेल अर्धकच्चं जळते.”

“म्हंजे लहान लावा लागत होता?”

“लई लहानही नाही. तो चटकन फिरन, पण गाडी जोरात पयाली का त्याची हवा पुरत नाही. मापाचाच पायजे.”

“लढाईतून उरलेल्या सामानाच्या लिलावात दोन्ही होते. मी म्हटलं, वाढत्या अंगाचा घ्यावा.”

“पोराचा सदरा हाय का, मालक? इंजिनाचं अंग वाढत नसते.”

मैनाबाईला राहवलं नाही.

“आमच्या घरी सैल सदरा थोरल्याले घालतात, भाऊ. तुमचं थोरलं इंजिन कुठी हाय?”