पितळी वाडग्याबाबत विमल खांबेटे यांचे म्हणणे

दिनांक २३ नोव्हेंबर २०२१, मंगळवार

नाव: विमल मुरलीधर खांबेटे. वय: ६८ वर्षे. धंदा: सेवानिवृत्त मराठी टंकलेखक, न्यायालय, पुणे. मूळ राहणार पुणे, सध्या मुक्काम मुलाच्या घरी, क्वेकर्स हिल, सिडनी.

मी आपण होऊन पोलीस ठाण्यात हजर राहून सांगते की, गेल्या शनिवारी थाई विहारातल्या उत्सवात श्रीमती अंपाई यांच्या दिवंगत यजमानांच्या फोटोपुढे ठेवलेला पितळी वाडगा आतल्या जेवणासकट नाहीसा झाला. त्याबद्दल शॉन नावाच्या इसमावर संशय घेतला गेला आहे. तो वाडगा शॉनने उचललेला नाही. मी उचलला. मला एवढेच सांगायचे आहे. परंतु एवढ्याने कोणाचे समाधान होत नाही हे कोर्टात जन्म काढल्यामुळे मला ठाऊक आहे, म्हणून कारणासकट सांगते.

मला इंग्रजी समजते, पण जबाब मराठीतच सुचतो. सीनियर कॉन्स्टेबल वेंडी मॅडम यांनी फोनवर मराठी दुभाषी बाई जोडून दिल्या आणि माझ्या विनंतीवरून कोरे कागदही दिले. भाषांतर नंतर होईल म्हणाल्या. मी आयुष्यभर दुसऱ्यांचे जबाब टाइप केले, स्वतःचा हा पहिलाच. मॅडम स्वभावाने चांगल्या आहेत. हे जबाबात लिहायचे नसते, तरी लिहिले आहे.

मी फेब्रुवारी २०२० मध्ये सून स्वरदा हिच्या बाळंतपणासाठी इकडे आले. माझे यजमान मे महिन्यात येणार होते. मार्चमध्ये सगळेच बंद झाले. नात उर्वी झाली, रांगली, चालू लागली, आणि मी इथेच. यजमान एप्रिल २०२१ मध्ये पुण्यात करोनाने वारले. मला जाता आले नाही. त्याबद्दल अधिक काही सांगायचे नाही.

शनिवारी दुपारी मुलगा हृषिकेश, स्वरदा आणि उर्वी यांच्यासोबत मी उत्सवाला गेले. लॉकडाऊन उठल्यावर माणसे बघायला मिळणार म्हणून गेलो, दुसरा काही हेतू नव्हता. फाटकात हृषिकेशने मोबाइलवर सगळ्यांचे चेक-इन केले, लशीची सर्टिफिकेटे दाखवली आणि एका स्वयंसेवकाने तीर्थ द्यावे तसे तळहातावर सॅनिटायझर दिले. त्यांच्यात या पौर्णिमेला केळीच्या पानांच्या द्रोणात फुले आणि उदबत्ती लावून पाण्यात सोडतात. मागच्या ओढ्यात सोडायला कौन्सिलची परवानगी मिळाली नव्हती. म्हणून मुलांच्या डुंबायचा प्लास्टिकचा हौद फुगवून ठेवला होता आणि लोक त्यातच भक्तिभावाने द्रोण सोडत होते. अडचणीतून वाट काढायची ही रीत मला आवडली.

आवारात खाण्याचे स्टॉल होते. हृषिकेशने काडीला लावलेली कोंबडी घेतली आणि नेहमीप्रमाणे माझ्याकडे पाठ करून खाल्ली. वय चाळीस झाले तरी त्याला वाटते मला कळत नाही. एका ठिकाणी मोठ्या लाकडी उखळीत कच्ची पपई, मिरची आणि दाणे कुटत होते. वास असा सुटला होता की तोंडाला पाणी आले. मी विचारले, "व्हेज?" त्या बाई हसून म्हणाल्या, "येस येस, ओन्ली फिश." मासा हा त्यांच्या मते भाजीतच जमा असावा. मी दाणे लावलेली नुसती पपई मागून घेतली. मिरचीने डोळ्यांतून पाणी आले, मास्कने पुसले. नारळाच्या दुधातला चिकट भात आणि आंबा खाल्ला. आंबा हापूस नव्हता, पण इकडे दोन वर्षे काढल्यावर आंब्याची जात विचारत बसत नाही.

त्यानंतर अंपाईंचा स्टॉल लागला. लोखंडी आप्पेपात्रासारख्या तव्यात त्या तांदळाचे पीठ आणि नारळाचे दूध घालत होत्या, वर पातीचा कांदा. त्याला खनोम क्रोक म्हणतात. मी एक घेतले आणि मग आणखी घेतले. बाहेरून कुरकुरीत, आत नुकत्या धरलेल्या खरवसासारखे मऊ. माझ्या यजमानांना आप्पे फार आवडत. तव्यावरून निघाले की ताटात पडेपर्यंत त्यांना धीर नसे. मी स्टॉलपाशी जरा जास्त वेळ उभी राहिले ते त्यामुळे.

स्टॉलच्या मागे झाडाखाली एक टेबल होते. त्यावर चष्मा लावलेल्या गृहस्थांचा फोटो, झेंडूचा हार, विझलेली उदबत्ती, आणि फोटोपुढे पितळी वाडग्यात भात, रस्सा आणि केळे. वाडग्यावर माश्या बसू नयेत म्हणून जाळीचे झाकण होते. स्टॉलवर रांग मोठी होती, अंपाई एकट्या होत्या, मागे वळून बघायलाही त्यांना सवड नव्हती.

वेंडी मॅडमनी विचारले की ते जेवण मी का उचलले, भूक लागली होती का. त्यावर सांगते की, आमच्यात माणूस गेल्यावर दहाव्या दिवशी त्याच्यासाठी भाताचा पिंड ठेवतात. कावळा शिवला तर गेलेला माणूस तृप्त होऊन गेला असे समजतात. शिवला नाही तर त्याचा जीव कशात तरी अडकला आहे असे समजतात. मग नातेवाईक हात जोडून एकेक सांगतात, घराचे बघू, अमक्याचे शिक्षण करू, तुम्ही काळजी करू नका. आणि कावळ्याची वाट बघतात. पिंडावर झाकण कोणी ठेवत नाही.

मला वाटले, कामाच्या गडबडीत बाईंचे झाकण काढायचे राहून गेले. उदबत्ती विझून गेली, भात सुकायला लागला आणि पक्षी शिवणार कसा. मी झाकण काढून टेबलावर ठेवले, वाडगा उचलला, आवाराच्या मागे ओढ्याकडच्या विटांच्या भिंतीवर नेऊन ठेवला आणि दोन पावले मागे सरले. माझा या गोष्टींवर विश्वास आहे का असे कोणी विचारले तर मी नाही असेच सांगेन. गेल्या सात महिन्यांत स्वतःला तसे बरेचदा सांगून झाले आहे.

भिंतीजवळच्या बाकावर एक इसम बसला होता. दाढी वाढलेली, डोक्यावर टोपी. तो शॉन, हे मला नंतर कळले. तो विहाराच्या शेजारी आपल्या गाडीत राहतो आणि लॉकडाऊनपासून विहारातच जेवतो. मी हात जोडले. काही बोलले. मग कावळा आला. इकडच्या कावळ्याचा डोळा पांढरा असतो आणि तो तान्हे मूल रडावे तसा ओरडतो. त्याने भात खाल्ला. मी रडले, ते थांबवता आले नाही. शॉनने डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. थोड्या वेळाने त्याने विचारले, "यू ओके, लव?" मी ओके म्हटले. तेवढ्यात हृषिकेशचा फोन आला की उर्वी कंटाळली आहे, गाडीत बसलो आहोत, आई तू कुठे आहेस. मी तशीच निघाले. वाडगा जागेवर ठेवायचा असतो हे डोक्यातून साफ गेले. मनाला इतके हलके वाटत होते की घरी जाऊन मी जेवले आणि झोपले.

सोमवारी स्वरदाने फेसबुकवरच्या इथल्या ग्रुपमध्ये वाचले की विहारात चोरी झाली, गाडीत राहणारा माणूस मागच्या भिंतीपाशी दिसला होता, पोलीस त्याच्याशी बोलून गेले. खाली लोकांनी काय काय लिहिले होते ते इथे लिहिण्यासारखे नाही. विहाराच्या कमिटीने, चौकशी होईपर्यंत तू येऊ नकोस, असे त्याला सांगितल्याचेही होते. म्हणजे माझ्यामुळे त्या माणसाचे जेवण बंद झाले.

मी हृषिकेशला म्हटले, मला पोलिसांकडे ने. तो लॅपटॉप मिटून म्हणाला, "आई, प्लीज. तुझा ब्रिजिंग व्हिसा आहे, तात्पुरता. पुढच्या महिन्याचं तिकीट आहे. इतक्या दिवसांनी विमान मिळतंय आणि तू स्वतःहून चोरीच्या केसमध्ये नाव घालतेस?"

मी म्हटले, "मग त्याचं नाव राहू दे म्हणतोस?"

तो म्हणाला, "त्याला कोणी जेलमध्ये नाही टाकणार गं. वाडगा तर आहे एक."

हृषिकेश वाईट नाही. बापाच्या वेळी तोही जाऊ शकला नाही, आता आईला तरी सुखरूप पोचवायचे आहे, एवढेच त्याच्या डोळ्यांपुढे आहे. पण मला त्याचा राग आला, आणि मी तसे बोलले. स्वरदा म्हणाली, "माझी शिफ्ट दुपारी आहे. सकाळी मी नेते आईंना." पुढे तो विषय निघाला नाही.

आज सकाळी आम्ही दोघी आधी विहारात गेलो. स्वरदाने भिंतीवरून वाकून पाहिले तेव्हा वाडगा पलीकडे गवतात पालथा पडलेला दिसला. कावळ्यांच्या ओढाताणीत पडला असावा. काठाला पोचा आला आहे. स्वरदाने मोबाइलवर काढलेले फोटो सोबत दिले आहेत. वाडगा आम्ही अंपाईंच्या हातात दिला आणि सगळे सांगितले.

त्यांनी वाडग्याकडे पाहिलेही नाही. त्या म्हणाल्या, मला विचारलं का नाहीस. मग त्यांनी सांगितले की, त्यांचे यजमान ऑगस्टमध्ये इथल्याच हॉस्पिटलात गेले. हॉस्पिटल घरापासून दोन स्टेशने लांब, पण आत सोडले नाही आणि घरचे जेवण घेतले नाही. त्यांच्यात फोटोपुढचे जेवण पक्ष्यांसाठी नसते. गेलेल्या माणसाचे जेवून झाले की घरच्यांनी त्याची परवानगी मागून ते वाटून खायचे असते. मुले संध्याकाळी यायची होती. वडिलांबरोबर एकदा जेवायचे म्हणून. झाकण त्यासाठी होते.

मला आजवर वाटत होते की समुद्र आड आला म्हणून माझे असे झाले. दोन स्टेशनांवरही तेच होते हे मला माहीत नव्हते. मी त्या बाईंच्या माणसाचे जेवण माझ्या माणसासाठी दिले. त्यांनी क्षमा केली असे मी म्हणणार नाही, मीही मागितली नाही, कारण मागून त्यांची अडचण वाढली असती. निघताना त्यांनी विचारले, सगळं खाल्लं का कावळ्याने? मी म्हटले, केळं सोडून सगळं. त्या म्हणाल्या, आमच्या यजमानांनाही केळं आवडायचं नाही, मुलांसाठी ठेवलं होतं. त्यांनी कमिटीला माझ्यासमोर फोन करून शॉनला परत बोलवायला सांगितले आहे.

वेंडी मॅडमनी सांगितले की, शनिवारी विचारपूस झाली तेव्हा शॉनने भिंतीपाशी कोणालाही पाहिले नाही असे सांगितले. ते खरे नाही. त्याने मला समोरून पाहिले होते. माझ्याकडे बोट दाखवले असते तर तो तेव्हाच सुटला असता. रडणाऱ्या म्हातारीचे नाव पोलिसांना सांगायचे नाही, एवढेच त्याच्या मनात आले असावे. त्याचे ते खोटे बोलणे त्याच्याविरुद्ध धरू नये, अशी माझी विनंती आहे.

मॅडमनी शेवटी विचारले की, भिंतीपाशी हात जोडून मी काय बोलले. सांगण्याची सक्ती नाही, असेही म्हणाल्या. साक्षीदार गप्प राहिला, असे मी कितीदा तरी टाइप केले आहे. मला गप्प राहायचे नाही.

यजमानांच्या दहाव्याला माझा पुतण्या श्रीनाथ याने नदीकाठी पिंड ठेवला आणि मोबाइल समोर धरला. मी इकडून बघत होते. त्याने सगळे सांगून पाहिले, कावळे झाडावर बसून राहिले. मग तो म्हणाला, "काकू, तुम्ही बोला." मी बोलले. कावळा आला नाही. भटजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि विधी उरकला. फोन ठेवताना मला दिसले की इकडचा आवाज बंद होता. उर्वी रडत होती म्हणून कोणीतरी बंद केला असेल, त्यात कोणाची चूक नाही. मी बोलले ते तिकडे कोणालाही पोचले नव्हते. हे मी घरात सांगितलेले नाही.

भिंतीपाशी मी तेच बोलले. शब्द असे: "अहो, मला यायला नाही जमलं. माझी वाट बघत थांबू नका. जा तुम्ही."

वरील जबाब माझ्या हाताने लिहिला असून मी तो समोर बसलेल्या वेंडी मॅडमना आणि फोनवरच्या दुभाषी बाईंना मोठ्याने वाचून दाखवला. सुरुवात करण्यापूर्वी, माझा आवाज पोचतो आहे का, असे विचारून घेतले. दोघींनी पोचतो असे सांगितले. मजकूर खरा आहे, त्यात काही खोडायचे नाही.

विमल मुरलीधर खांबेटे