चिंचेवरचे सभासद

कौशल्याबाई : म्हाळू, आधी तो टेंभा इझव. मंग काय बोलायचं ते बोल.

म्हाळू : इझवू कसा मावशी? आत्ताच पेटवलाय. रॉकेल चेरमनच्या घरचं हाय.

कौशल्याबाई : चेरमनचं असू दे न्हाई तर इंद्राचं. मी ह्या चिंचेच्या बुडाशी बसलेय, ती उठत न्हाई. लाव आग. मोहळासंगं कौशल्याबी गेली म्हणून गावाला सांग.

म्हाळू : आता काय करावं ह्या बाईला! चेरमन, तुमीच समजावा. मी मोहळं झाडणारा माणूस, बाया झाडणारा न्हाई.

विठ्ठलराव : कौशल्याबाई, उठा. दिवस मावळायला आला. आता माशा घरी बसल्यात तेवढ्यातच काम उरकतंय. सोसायटीच्या मीटिंगमधी ठरलंय हे, आन तुमीबी हात वर केलता.

कौशल्याबाई : मी हात टँकरसाठी वर केलता! तो हात खाली यायच्या आत तुमी मोहळ जाळायचा ठराव घुसवला. माझा हात अजून वरच होता, केस सारखे करत होते मी.

विठ्ठलराव : बरं, घुसवला म्हणा. पण काल काय झालं ते बघितलं न्हवं? टँकरच्या तोटीवर माशांचा हा थर. ताराबाईनं घागर लावली आन तुटून पडल्या. म्हातारीचं तोंड भोपळ्यावानी सुजलं, केजच्या दवाखान्यात न्यावं लागलं. उद्या एखाद्या लेकराच्या जिवावर बेतलं तर लोक कुणाला धरतील? मला. चेरमन मी हाय.

कौशल्याबाई : जीपमधी ताराबाईच्या शेजारी मीच बसलते. लई वाईट वाटलं मला. पण दादा, माशी काय तिच्यावर डूख धरून आलती का? तान लागली म्हणून आलती. नदी कोरडी, तळं कोरडं, हिरी खडखडीत. आपण टँकरमागं पळायलोत, तीबी पळायलीय.

विठ्ठलराव : म्हणून माशांना पाणी वाटू? टँकर सोसायटीचा. सभासदांनाच पुरंना. परवा बिगर सभासदाला एक हंडा दिला तर आपल्यातल्याच एका सभासदानं, बंकटनं, माझी गचांडी धरली. माशी सभासद हाय का?

कौशल्याबाई : हाय.

विठ्ठलराव : काय?

कौशल्याबाई : हाय म्हणते मी. आपली सोसायटी कशाची? कांद्याच्या बियाची. मंग बी कोण भरतं कांद्याच्या फुलाच्या गोंड्यात? तुमी का मी? मागच्या साली हिरीवरचं मोहळ ह्याच म्हाळूनं जाळलं.

म्हाळू : मला सांगितलं ते मी केलं.

कौशल्याबाई : तुला कुठं बोल लावते बाबा. पण मंग काय झालं? गोंडे हे एवढाले टपोरे, आन हातावर चोळले की निसतं फोलपट. चेरमन म्हणाले, लागवडीचा कांदाच खोटा आला. आमचे मालक म्हणाले, दिष्ट लागली. वावराच्या चारी कोपऱ्यांना लिंबू-मिरची टांगून आले. कुण्णाला आठवलं न्हाई की आपणच माशा हाकलून दिल्यात!

विठ्ठलराव : मीच बोललो न्हवतो का, हाताला फडकं गुंडाळून गोंड्यावरून फिरवा म्हणून?

कौशल्याबाई : फिरवलं की. मालकाचं जुनं धोतर फाडून आमी बाया ह्या गोंड्यावरून त्या गोंड्यावर हिंडलो. कंबर मोडली, आन बी निघालं वंजळभर. तवा मला कळलं दादा, ती काय करती ते. अवो, एका गोंड्यात किती बारकी बारकी फुलं! आन ती एकदम उमलत न्हाईत. आज ही, उद्या ती. आपण एकदा फडकं फिरवून घरला. ती मातर रोज येती आन एकेका फुलाच्या दारात जाऊन उभी ऱ्हाती. मागं वरडायला मुकादम न्हाई, खाडा न्हाई, रुसवा न्हाई. मी तर बाई हात जोडले तिला.

म्हाळू : ते खरं हाय चेरमन. मी जाळतो त्यांना, पण मला त्यांचं लई कवतिक हाय. आग्या माशी म्हंजी आपल्यासारखीच टोळी. दसरा झाला की आपण ऊस तोडायला निघतो, आन त्याच वख्ताला ह्या कुठून कुठून डोंगरातून चिंचेवर येत्यात. पाऊस आला की मोहळ रितं करून परत. पुढच्या साली फिरून तेच झाड, तीच फांदी. आपल्याला उसावरून आल्यावर सोताच्या घराची चावी सापडंना, बायकोच्या नावानं वरडत बसतो.

विठ्ठलराव : म्हाळ्या, तू कुणाच्या बाजूचा बे?

म्हाळू : मी टेंभ्याच्या बाजूचा. पण तो इझलाय आता.

विठ्ठलराव : च्यायला. बोलत बोलत इझवला का रे? ... कौशल्याबाई, तुमी बोलता त्यात खोट न्हाई. मी ल्हान होतो तवा ही चिंच लांबून काळी दिसायची, एवढी मोहळं. आमचा बाप म्हणायचा, खालून जाताना खोकूसुदिक नका. आता हे एकच उरलंय.

कौशल्याबाई : आन तेबी तुमी न्यायला निघालात. काही टेंभ्यानं गेली, काही फवाऱ्यानं. परवा भर दुपारी तुमच्याच वावरात औषध मारणं चाललं होतं, गोंडे भर फुलात असताना. फुलाच्या दिसात मारूच नका. अगदीच न्हाई जमलं तर सांजच्याला मारा, माशा घरी गेल्यावर. एवढं तर कळतंय न्हवं?

विठ्ठलराव : गड्यानं मारलं ते.

कौशल्याबाई : गड्यानं मारलं, पण वावर कुणाचं? ऱ्हाऊ द्या. मी खरं बोलू का? मी निसती माशीपायी भांडत न्हाई, मपल्यापायी भांडते. ह्या साली पहिल्यांदा माझं पोरगं आन सून कारखान्याला गेली न्हाईत. सून पोटुशी हाय. माझं पहिलं बाळंतपण उसाच्या फडात, पाचटावर झालं. आडोशाला एक लुगडं धरलेलं, आन पलीकडं मुकादम इचारायला, कवा उठती म्हणून. ते लेकरू न्हाई वाचलं. मी सुनंला शबूद दिलाय, तू घरात बाळंत व्हशील. तो शबूद त्या गोंड्यांच्या भरवशावर दिलाय. बी भरलं तर ऱ्हाईल. न्हाई भरलं तर पुन्हा कोयता, आन तीबी तान्ह्याला घेऊन फडावर.

म्हाळू : चेरमन, आता सांगा, काय करायचं?

विठ्ठलराव : माशांना पाणी कुठून आणायचं, ते सांगा.

कौशल्याबाई : माझ्या पाळीची पहिली घागर रोज राखून ठेवते. चिंचेच्या पल्याड बांधावर घमेली मांडते. आत खडे आन भिजलं बारदान. निसत्या पाण्यात माशी बुडून मरती, तिला बसायला जागा लागती. टँकर यायच्या आधी, उजाडताच पाणी वतते. तुमी फकस्त टँकर शाळेपाशी उभा करा, इथं न्हाई.

विठ्ठलराव : आन तरी त्या तोटीवरच आल्या तर?

कौशल्याबाई : तर मी सोताच्या हातानं म्हाळूला टेंभा पेटवून देते.

विठ्ठलराव : केजच्या आठवडी बाजारापातुर थांबतो. त्याच्या पुढं न्हाई.

म्हाळू : मंग ह्या रॉकेलचं काय करू?

विठ्ठलराव : घरी नेऊन दे. आन मालकिणीला सांग, जाळलं न्हाई, तुझ्या चुलीच्या नशिबाचं हाय.

(केजचा बाजार होऊन गेल्यावरची सकाळ. बांधावर घमेली, वर माशांची ये-जा.)

म्हाळू : मावशी, शाळेपाशी जाऊन आलो. तोटीवर चुकार एखादी. बाया बिनघोर पाणी भरायल्यात. आन नवल ऐका, ताराबाई आली, तोंडाला पदर लावून, आन जाताना तांब्याभर पाणी ह्या घमेल्यात वतून गेली. म्हणली, चावल्या तर चावल्या, पण तहानेनं मेल्या असं नगं.

कौशल्याबाई : म्हातारी खरी ग माझी. बघ ना म्हाळू, कशा बसल्यात! बारदानाच्या कडंला बुड हालवत, वळीनं, ढकलाढकली न्हाई. आपल्या बायांनी बघावं.

म्हाळू : ते चेरमन आले बघा. चेहरा कायतरी येगळाच हाय.

विठ्ठलराव : कौशल्याबाई, ती घागर ठेवा खाली. आजपासून तुमी पाणी घालायचं न्हाई.

कौशल्याबाई : कावून? शबूद दिलाय तुमी! तोटीवर माशी हाय का एक तरी? बघून या. माझ्या घराचं पाणी हाय, मी कुणालाबी—

विठ्ठलराव : ऐकून तर घ्या! बंकटनं मीटिंगमधी तकरार केली.

कौशल्याबाई : आला का पुन्हा तो! काय म्हणतोय मुडदा?

विठ्ठलराव : म्हणतोय, कौशल्याकाकूच्या घरात गरवार बाई, आन तिच्या तोंडचं पाणी माशीला कशापायी? सगळ्यांचं बी भरायल्यात, तर सगळ्यांच्या टँकरमधून द्या. लोकांनी माना हालवल्या. हात वर करायला सांगायच्या आधीच.

कौशल्याबाई : बंकट म्हणला? आपला बंकट?

विठ्ठलराव : तोच. पहिली घागर चिंचेची, मंग बाकी सभासद. आन फुलात फवारा न्हाई, माझ्या वावरापासून. काल तुमच्या वावरातून आलो मी. गोंडे हातात धरून बघितले. बोंडं फुगायलीत. मागच्या साली असं काई न्हवतं. सुनंला सांगा, पाळणा घरातच बांधायचा.

म्हाळू : आन चेरमन, सभासद केल्यात म्हणता, तर ह्यांची वर्गणी?

विठ्ठलराव : वावरात जाऊन बघ बे. रोज भरायल्यात.

कौशल्याबाई : हळू बोला रे दोघंबी. पाणी प्यायल्यात त्या.