कुलपातला दुसरा भाग

वाचक उरले नाहीत म्हणून रडणाऱ्या म्हाताऱ्यांचं कौतुक मला सांगू नका राव. आमच्या जुन्नरच्या वाचनालयात जादूगार पुस्तकविक्रेत्यांच्या एका विनोदी कादंबरीचा दुसरा भाग आला, आणि अध्यक्ष आप्पांनी तो कपाटात घालून कुलूप लावलं. का, तर नव्या पुस्तकांची आधी पूजा, पाहुण्यांच्या हस्ते उद्घाटन, वाचक त्यानंतर.

आमच्या शेजारच्या टेलरचाचांची नसरीन तेव्हा दवाखान्यात होती. पहिला भाग तिनं वाचून संपवला होता; त्याच्या शेवटी म्हातारा विक्रेता स्वतःच्याच मंत्रानं बोकड होतो.

"तो परत माणूस व्हतो का, तेवढं बघून ये," ती म्हणायची. "मला वाटतं, नाय व्हत. बोकड झाल्यापासून कुणाला उपदेश तरी करत नाय."

मी आप्पांना हात जोडले. "नसरीनसाठी द्या. लई आजारी हाये ती."

"कॉलेज सोडलेल्यानं मला नियम शिकवू नये. पावणं येईपर्यंत कळ काढ."

पाहुण्यांची तारीख पुढं पुढं गेली. नसरीन तेवढी थांबली नाही.

उद्घाटनाला आप्पा माईकवर म्हणाले, "आजकालची पोरं वाचतच न्हाईत. ए, तू लई मागं लागला व्हतास ना? ये, वाचकाची प्रतिक्रिया सांग."

मी पुस्तकावरचा हार बाजूला केला आणि पहिलंच पान मोठ्यानं वाचलं. म्हातारा अजून बोकडच होता, गिऱ्हाइकांच्या टोप्या खात मजेत फिरत होता. सगळे हसले. आप्पा तर पोट धरून.

"नसरीनचं बरोबर व्हतं, आप्पा," मी म्हणालो. "तिला एवढं एकच पान पायजे व्हतं."