खिडकीचं मोल

(कारखान्याच्या आवारातली मजुरांची खोली. कॉटवर गवंड्याची बायको पडून आहे, उशाशी खिडकी. हिशेबनीस स्टुलावर बसलाय, गवंडी उभा.)

हिशेबनीस : कर खात्याचा माणूस दारात उभा राहतो आणि तुम्ही त्याला काय सांगता, मिस्त्री? पुन्हा म्हणा. माझे कान धन्य होऊ देत.

गवंडी : ते म्हणाले, खोली झकास आहे, बाहेर कितीला पडेल? मी म्हटलं, निम्मा पगार ओतला तरी असा उजेड मिळायचा नाही.

हिशेबनीस : आणि त्यानं तसंच धरलं. निम्मा पगार!

गवंडी : मला वाटलं, कौतुक करतायत. भिंत फोडून खिडकी मी काढली ना. चौकट, कमान, सगळं माझ्या हातचं.

बायको : मीही बोलले, साहेब. म्हटलं, आत या, घटकाभर वारा खा.

हिशेबनीस : वारा त्यानं खाल्ला, वहिनी, आणि बिल तुमच्या नावावर फाडलं. जिभेला हाड नसलं की असं होतं.

गवंडी : पण मी भाडं कुठं घेतो कुणाकडून? खोली शेठची, मी फुकट राहतो.

हिशेबनीस : तेच तर! शेठनं फुकट दिलेली खोली म्हणजे पगारच. हातात पडत नाही, पण मोजला जातो. बाहेर जे भाडं पडलं असतं, तेवढा तुमचा पगार वाढला.

गवंडी : वाढला? मला कळवलं नाही कुणी.

हिशेबनीस : आता कळवतोय ना. पेढे कधी देताय?

बायको : चेष्टा करू नका हो. कर लावतील तर लावू देत. एक वेळ जेवू.

हिशेबनीस : करावर भागलं असतं तर मी इथं कशाला आलो असतो, वहिनी? कारखान्याचा दवाखाना कमी पगारवाल्यांना फुकट. हे आता कमी पगारवाले राहिले नाहीत. तुमची इंजेक्शनं बंद. पाठीचे व्रण धुवायला येते ती बाईही बंद.

गवंडी : ती शेठच्याच बंगल्याच्या परांचीवरून पडलीय, साहेब! डोक्यावर विटांची पाटी होती.

हिशेबनीस : म्हणून तर आजवर खोली दिली. ती माणुसकी झाली. हा नियम आहे.

गवंडी : बाहेर जातो मग. नको ही खोली.

हिशेबनीस : जा. भाडं कुणाच्या खिशातून देणार?

बायको : अहो, तुम्ही खाली बसा आधी. साहेब, शेजारच्यांच्या खोल्याही फुकटच आहेत की. त्यांना का नाही लावला?

हिशेबनीस : त्यांच्या खोल्यांना खिडकी नाही. बिनखिडकीची खोली नियमात घर धरत नाहीत, कोठार धरतात. कोठारात राखणीला झोपलं, तर त्याचा पगार होत नाही. सगळी ओळ इतकी वर्षं त्याच्यावरच सुखानं झोपतेय. आणि तुम्ही कमान काढलीत!

बायको : म्हणून काल नळावरून कुणी माझी कळशी आणली नाही होय.

हिशेबनीस : तुमच्यापायी उद्या त्यांच्याही भिंती ठोकून बघतील. आणतील कशाला?

गवंडी : काय करू, ते सांगा.

हिशेबनीस : तो माणूस उद्या सकाळी पुन्हा येतोय. मी त्याला सांगून ठेवलंय की साहेब, तुम्ही दुसऱ्याच खोलीत शिरला होता. त्यानं पाहिलं आणि इथं सपाट भिंत असली, तर विषय मिटला.

गवंडी : भिंत?

हिशेबनीस : विटा मागच्या अंगणात आहेत. शेठ त्याचे पैसे लावणार नाहीत.

गवंडी : साहेब, ती दिवसभर पडून असते. तिला मान तेवढी वळवता येते. नळ दिसतो, फाटक दिसतं, मी सुटून येतो तो दिसतो. तिला दुसरं काही नाही हो. मी तिच्यासाठीच...

हिशेबनीस : मी नको म्हणतोय का? ठेवा खिडकी. इंजेक्शनं सोडा.

गवंडी : वर, छताखाली, एक झरोका तरी?

हिशेबनीस : हवेपुरता चालतो. नियमात बसतो.

गवंडी : तिथून तिला काय दिसणार?

हिशेबनीस : नियमात बघण्याचं काही लिहिलेलं नाही. आणि हो, गिलावा नवा दिसता कामा नये. तेवढी अक्कल चालवा. येतो, वहिनी. तब्येतीला जपा.

बायको : गेले?

गवंडी : गेला.

बायको : मग उभे का? उजेड आहे तोवर विटा आणा.

गवंडी : माझा हात उठायचा नाही गं.

बायको : मागच्या खेपेला इंजेक्शन चुकलं, तेव्हा मी किती ओरडले, ते तुम्हीच ऐकलंत. मला पुन्हा तसं ओरडायचं नाहीये.

गवंडी : माझंच तोंड फाटकं. गप्प बसलो असतो तर...

बायको : मी पण गप्प कुठं बसले? चांगली वस्तू चांगली म्हटली आपण. गिलाव्यात राख कालवा, म्हणजे जुना वाटेल.

गवंडी : हं.

बायको : आतून बांधणार की बाहेरून?

गवंडी : बाहेरून. आतून बांधलं तर चुना तुझ्या डोळ्यांत उडेल.

बायको : बरं झालं. म्हणजे शेवटची वीट बसेपर्यंत तुम्ही मला दिसाल.