व्याह्यांच्या बांधाखाली

...नाही, पण व्याह्यांना तोंडावर कसं सांगायचं, की तुमचा बांध फुटायला आलाय? तुम्हाला सांगतो, तीस वर्षं प्लंबिंग केलंय, कुणालाही बेधडक सांगतो, पाइप गेला. पण हे मुलीचे सासरे! हौसेनं मातीचा बांध घालून तळं केलेलं, त्यात दोन बोटी, आणि ते दाखवायला बोलावलेल्या पाहुण्यांच्या जेवणाची टेबलं कुठे, तर बांधाच्या खाली, सावलीत. म्हणजे अख्खं तळं डोक्यावर, आणि आपण खाली जेवतोय...

बसलो, तर खुर्चीचा पाय रुतला. वाकून बघतो, तर बांधाच्या बुडातून पाणी येतंय, आणि पाणी गढूळ. स्वच्छ असतं तर गप्प बसलो असतो हो, मातीचा बांध थोडा झिरपतोच. गढूळ म्हणजे आतली माती वाहून चाललीय! व्याह्यांच्या कानात सांगितलं, तर म्हणाले, "झरा आहे तो," आणि पाहुण्यांना बोलावून दाखवला. बायको टेबलाखालून पाय दाबतेय, मुलगी डोळ्यांनी विनवतेय, बाबा, आज नको... आणि पाणी गढूळ. वर बोटीत जावयाबरोबर माझी नात, चार वर्षांची, हात हलवतेय.

करंगळीएवढी धार मनगटाएवढी झाली, तेव्हा मात्र उठलो. जावयाला ओरडून सांगितलं, पोरीला उतरव, सगळ्यांना बाजूच्या टेकाडावर ने. त्यानं एक प्रश्न विचारला नाही, भला माणूस. मी बांधावर, तळं रिकामं करायच्या व्हॉल्व्हपाशी. चाक गंजून घट्ट. पायाखाली बांध, बांधाच्या पोटात भोक, आणि मागून व्याही, "अहो, माझे मासे!"

म्हटलं, "माशांना पोहता येतं, व्याहीबुवा. मला नाही."

फिरलं एकदाचं. अंधार पडेपर्यंत पाणी जात होतं, गढूळ, गढूळ... शेवटी नुसता चिखल, त्यात बोटी कलंडलेल्या. दुसऱ्या दिवशी खणलं, तर आतल्या भोकात माझा हात खांद्यापर्यंत गेला.

आणि व्याही? म्हणाले, खेकड्याचं बीळ. आता चारचौघांत सांगतात, तळं साफ करायचंच होतं, आमचे व्याही प्लंबर, चाक फिरवायला बरे पडले. मी मान हलवतो. करणार काय? बांध फुटला नाही म्हणून माझं कुणाला पटत नाही, आणि पटावं म्हणून तो फुटायला हवा होता, असं तरी कुठल्या तोंडानं म्हणू?